गुळव्याची अडतीस पुस्तकं

उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात एक गुळव्या राहत असे. नाव त्याचं सुबाना. मोठ्या काहिलीत उकळणारा रस नेमका केव्हा उतरवायचा, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसे. मग ऊस संपायचा, चुलाणं थंड व्हायची आणि सुबाना उन्हाळाभर मोकळा असायचा.

चाळिशी उलटल्यावर तो गावातल्या गुरुजींकडे अक्षरं शिकला होता. त्याला पुस्तकांचं फार कौतुक. आठवडी बाजाराला गेला की मिरच्या, मीठ आणायचा आणि त्याबरोबर एखादं पुस्तकही पिशवीत घालून आणायचा. पुस्तकाला कपाळ लावायचा, कोनाड्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "उन्हाळ्यात वाचीन." उन्हाळा आला की कधी घराचं शाकारणं निघे, कधी भावकीतलं लग्न. पुस्तकं तशीच राहत. कोनाडा भरला, मग माच्यावर थर लागले. एके दिवशी त्याची बायको हौसा म्हणाली, "अहो, पाहुणा आला तर त्याला निजवायचा कुठं? माच्यावर तुमची पुस्तकं निजलीत."

सुबानानं पुस्तकं मोजली. अडतीस भरली. त्याला मनातून लाज वाटली. पाडव्याच्या दिवशी देवळापुढच्या पारावर सगळे जमले होते, तिथं तो बोलून गेला, "यंदा मृग लागायच्या आत अडतीसच्या अडतीस वाचून काढणार!"

पहिलं पुस्तक होतं एका दर्यावर्द्याचं. सुबानानं कधी समुद्र पाहिला नव्हता. अक्षरांखाली बोट ठेवून तो एकेक ओळ वाचायचा, आणि दुपारी हौसा धान्य निवडत बसली की तिला सांगायचा, "आज त्यांचं गोडं पाणी संपलं गं. चहूकडे पाणीच पाणी, अन् प्यायला घोट नाही." हौसाचा हात सुपावरच थांबायचा. "मग?" ती विचारायची. "मग उद्या," असं म्हणून तो हसायचा. पुस्तक संपलं त्या दिवशी दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्यानं आनंदानं भिंतीवर चुन्याची एक रेघ ओढली आणि पारावर गेला.

"किती झाली रे सुबाना?" पाटलांनी विचारलं.

"एक झालं, पाटील."

"नऊ दिवसांत एक? मग अडतीस वाचायला तुला वर्ष लागेल की! मृग तुझ्यासाठी थांबायचा आहे होय?" पाटील मोठ्यानं हसले. पाटील हसले म्हणून सगळा पार हसला.

ते हसू सुबानाच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यानं ढिगातली बारकी पुस्तकं वेगळी काढली. ती दोन दोन दिवसांत संपवली. मग जाडी घेतली, तेव्हा आधी अवघड पानं गाळली, नंतर सोपीही गाळली. शेवटी शेवटी तर पहिलं पान वाचायचं, शेवटचं वाचायचं, मधली पानं वाऱ्यासारखी उलटायची आणि भिंतीवर रेघ ओढायची, असं चाललं.

रेघा वाढल्या तसा पारावरचा त्याचा मानही वाढला. "या सुबानाराव, बसा," असं लोक म्हणू लागले. "सतरा झाली? शाबास!" फक्त हौसा अधूनमधून विचारायची, "अहो, ह्यात काय होतं?" तेव्हा तो नजर चुकवून म्हणायचा, "सांगेन सवडीनं. आत्ता वेळ नाही."

वैशाखातली दुपार होती. भिंतीवर तेवीस रेघा झाल्या होत्या. सुबाना चोविसावं पुस्तक उलटत असताना शेजारची सरूबाई धावत दारात आली. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता.

"सुबानाभाऊ, चला हो! माझी म्हैस फुगलीय. उभी थरथरतेय नुसती!"

सरूबाई विधवा होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि घर त्या एका म्हशीच्या दुधावर चालत होतं. सुबाना उठून धावला, मागोमाग हौसाही. गोठ्यात माणसं गोळा झालीच होती. म्हशीची डावी कूस ढोलासारखी ताणली होती, तोंडातून लाळ गळत होती. गुरांचा वैदू तीन कोसांवर दुसऱ्या गावी गेला होता.

"आता तुम्हीच सांगा, भाऊ," सरूबाई म्हणाली. "परवा पारावर म्हणत होता ना, गुरांच्या दुखण्यांचं पुस्तक वाचून झालं म्हणून? त्यात लिहिलं असेल की!"

"हां, लिहिलं असणारच," गर्दीतून कुणी म्हणालं. सगळ्यांच्या नजरा सुबानाकडे वळल्या. पाटीलही येऊन उभे होते.

सुबानाला आठवत होतं ते एवढंच, की त्या पुस्तकावर बैलाचं चित्र होतं. बाकी काही नाही. त्याच्या मनात आलं, काहीतरी सांगून टाकावं. सावलीत निजवा, पोटाला आराम पडेल, वर पेज पाजा. ऐकायला बरं वाटतं. म्हैस जगली तर नाव होईल, गेली तर लोक म्हणतील, तिचं आयुष्यच तेवढं. शब्द अगदी ओठांवर आले.

तेवढ्यात त्याची नजर उंबऱ्याकडे गेली. सरूबाईची अवघडलेली लेक दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि डोळ्यांची पापणी न लववता त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

सुबाना सरूबाईकडे वळला.

"सरूबाई," तो म्हणाला, "मी ते पुस्तक वाचलेलं नाही. नुसती पानं उलटली आणि वाचलं म्हणून सांगितलं. खोटं बोललो मी."

 गर्दीतून कुणीतरी "हॅत्!" केलं. सुबानाचे कान तापले. पण हौसा बोलायला थांबलीच नाही. ती तशीच घरी पळाली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून ज्यावर ज्यावर जनावराचं चित्र दिसलं ती चारही पुस्तकं उराशी धरून ती परत आली.

"ह्यातलं कुठलं ते बघा," ती धापा टाकत म्हणाली, "आणि आता वाचा."

सुबाना शेणामातीत मांडी घालून बसला. पानं चाळता चाळता एकदाचं ते सापडलं. बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं तो वाचू लागला, "फुगलेल्या जनावरास... खाली... बसू देऊ नये!"

म्हैस नेमकी पुढचे गुडघे टेकत होती. "उठवा, उठवा तिला!" सगळे ओरडले. पाटलांनी स्वतः खांदा लावला. सुबानाच्या अंगावर काटा आला. निजवा म्हणून सांगणार होता तो!

"पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करावं," त्यानं वाचलं. लोकांनी म्हशीला ढकलत गोठ्यामागच्या उतारावर नेलं. "तोंडात आडवी काडी बांधावी, म्हणजे ते चघळत राहतं." कडुलिंबाची फांदी आली. "गोडं तेल थोडं थोडं पाजावं, घाई केल्यास ठसका लागतो." सरूबाईनं घरातलं होतं नव्हतं ते तेल आणलं. "डावी कूस चोळत राहावं." तरण्या पोरांनी पाळ्या लावल्या.

एक शब्द सुबानाला काही केल्या लागेना. तो थांबला, पुन्हा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. या वेळी त्याला कुणी हसलं नाही.

उन्हं कलली तेव्हा म्हशीनं असा काही ढेकर दिला, की चोळणारी पोरं दचकून मागे सरली. मग दुसरा, मग तिसरा. ताणलेली कूस हळूहळू सैल पडली. सरूबाई म्हशीच्या गळ्याला मिठी मारून रडू लागली.

घरी आल्यावर सुबानानं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरच्या रेघा पुसायला लागला. हौसा म्हणाली, "पहिली ठेवा. ते पुस्तक मीसुद्धा ऐकलंय." त्यानं ती एक ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो बिचकतच पारावर गेला. पण सरूबाई आधीच तिथं येऊन बसली होती. "भाऊ, तिला पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते लिहिलंय का पुढं?" तिनं विचारलं. सुबानानं घरून पुस्तक आणून उघडलं. एक शेतकरी म्हणाला, "बैलाच्या खांद्याचं आहे का बघ." दुसरा म्हणाला, "सावकाश वाच रे, ऐकू येत नाही." दुपार कधी सरली ते कळलं नाही.

मग रोजच वाचन होऊ लागलं. मृग उंबऱ्याशी आला, लोक पेरणीच्या घाईला लागले, तेव्हा पाच पुस्तकं वाचून झाली होती. तेहेतीस उरली होती.

असाच एका सकाळी सुबाना ओट्यावर एकटा वाचत बसला होता. पाटील आले. आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं.

"पाटील, काही काम होतं?"

"काम म्हणजे..." पाटलांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "कुळकर्णी कागद वाचून दाखवतात आणि मी मान हलवतो. सही गिरवायला शिकलोय, तेवढंच. मला अक्षर येत नाही, सुबाना. जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी गोठ्यात एवढ्या लोकांपुढं तू बोललास..." पाटलांनी पुस्तकाकडे बोट केलं. "या वयात शिकवशील मला?"

 सुबाना बाजूला सरकला आणि घोंगडीवरची अर्धी जागा त्यानं हातानं झाडली.

"बसा, पाटील," तो म्हणाला. "घाई काही नाही."

तात्पर्य काय, तर वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांची लाज कुणी बाळगू नये, न वाचता वाचलं म्हणण्याची बाळगावी. आणि "मला हे येत नाही" एवढं ज्याला चारचौघांत म्हणता आलं, तो स्वतः तर शिकतोच, पण दुसऱ्यालाही शिकायचा धीर देतो.