मोरणीचं पहिलं पाऊल

सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा, जपणाऱ्यावर की चालवणाऱ्यावर?

फार जुनी गोष्ट. मेंदूच्या दुखण्यानं जन्मापासून पाय ताठरलेल्या छोट्या यमूला वैद्यांच्या सांगण्यावरून मोरणी नावाच्या घोडीवर बसवलं. बाप शेजारी उभा होता. तरी पोर पडेल या धास्तीनं मोरणी जागची हलेना.

शेजारचं गाढव हसलं, "मोरणीबाई, लाकडी घोडा झालात की!"

"पडली म्हणजे?"

"धरायला बाप आहे. तुम्ही चाललात तरच तिची कंबर हलेल, तोल कळेल."

मोरणीनं भीतभीत पाऊल टाकलं. यमू डावीकडे कलली, पण बापाचा हात पोचण्याआधीच आपली आपण सावरली आणि ओरडली, "चल गं, आणखी!"

तेव्हा मंडळी, जपायचं की चालवायचं हे ठरवताना हिशेब प्रामाणिक ठेवा. पोर कितीदा कललं ते लिहाल, तर कितीदा सावरलं तेही लिहा.