झाकलेल्या नावाचा निकाल

फार जुन्या काळी, जिथे राजासुद्धा न्यायासनापुढे पागोटे उतरवून बसे, अशा एका राज्यात एक न्यायाधीश होता. गावच्या चावडीवर त्याने न्यायदानाला आरंभ केला, पुढे परगण्याचे न्यायालय सांभाळले आणि केस पिकता पिकता तो राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला. त्याहून वरचे आसन नव्हते. तरी त्याला सुख नव्हते.

कारण दक्षिणेच्या परगण्यात एक तरुण न्यायाधीश होता. त्याचे निकाल लोक पाणवठ्यावर एकमेकांना सांगत. "कायदाही राखतो आणि माणूसही," असे वृद्ध न्यायाधीशाचा चोपदारसुद्धा एकदा बोलून गेला. त्या दिवशी न्यायाधीशाला जेवण गेले नाही.

त्या राज्यात एक रीत होती. खालचा निकाल वरच्या न्यायासनापुढे आला, की निवेदक तो तोंडपाठ म्हणून दाखवी. परंतु तो कोणी दिला आणि कोणत्या गावी, हे नवा निकाल होईपर्यंत कोणी उच्चारत नसे. नाव ऐकून मन झुकू नये, हा त्यामागचा हेतू.

एके दिवशी एक म्हातारी आणि तिचा भाचा न्यायासनापुढे आले. निवेदक म्हणाला, "जुना निकाल असा: विहीर भावाची, पण बहीण जिवंत असेतो तिची घागर कोणी अडवू नये." भाऊ आता वारला होता आणि भाच्याला विहिरीभोवती कुंपण घालायचे होते. म्हातारी मात्र निश्चिंतपणे हसत होती.

अशी भांडणे न्यायाधीशाने आयुष्यभर ऐकली होती. पण त्याच्या मनात एकच कळ उठली: ही त्या तरुणाचीच धाटणी!

"वाहवा मिळवण्यासाठी दिलेला निकाल आहे हा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या विहिरीवर उदार व्हायला काय जाते? निकाल रद्द. विहीर ज्याची, पाणी त्याचे."

म्हातारीचे हसू मावळले.

"आता नाव सांग. ऐकू दे सगळ्यांना!"

निवेदक चाचरला. "महाराज, निकाल आपलाच आहे. आपण चावडीवर बसत होतात, तेव्हाचा."

म्हातारी काठी टेकत उठली. "म्हणून तर बिनघोर बसले होते, बाबा. म्हटलं, ज्यानं पाणी दिलं तोच समोर बसलाय. तेव्हा किती शहाणा होतास रे!"

सर्वोच्च न्यायासनाचा शब्द त्याच तोंडाने फिरवता येत नसे. दुसऱ्याला आसन देऊन त्याच्यापुढे आपली चूक मांडावी लागे. न्यायाधीशाने त्या तरुणाला बोलावणे धाडले.

"आपल्यादेखत मी तिथे कसा बसू?" तरुण संकोचला.

"बस. नाहीतर हिची घागर कोरडी राहील."

वृद्ध न्यायाधीश फिर्यादीच्या जागी उभा राहिला आणि त्याने आपली चूक सांगितली. तरुणाने निवेदकाची वाट न पाहता जुना निकाल शब्दशः म्हणून दाखवला आणि तोच कायम केला.

"तुला तो पाठ कसा?"

"आमच्याकडे आया तो मुलांना सांगतात, महाराज. न्याय म्हणजे काय, हे मी त्यावरूनच शिकलो."

सांगणारे या कथेचे तात्पर्य असे सांगतात: मत्सर दुसऱ्याचा गुण नाकारायला निघतो आणि वाटेत स्वतःचाच चांगुलपणा ओळखेनासा होतो.