बंधाऱ्यावरचा बाहेरचा दगड

कुसळवाडीच्या बंधाऱ्यावर चिंचेच्या सावलीत दहा दगड गोल मांडलेले दिसतात. अकरावा मात्र गोलाबाहेर, भर उन्हात आहे. पाहुण्यांना वाटतं, तो उपऱ्याचा असेल. तसं नाही. तो थोरल्या मिस्तरीचा आहे.

फार वर्षांमागे हैबती या थोरल्या मिस्तरीने हा बंधारा बांधायला घेतला, असं सांगतात. रोज सकाळी कारागिरांची बैठक भरे. चुन्यात काय मिसळतात ते बाहेर फुटू नये म्हणून परक्याला तिथे मज्जाव होता. नव्या गवंड्यालासुद्धा तीन वर्षं लांब उभं राहावं लागे.

एकदा पाया आखणं चाललं असताना ठकाई नावाची मेंढपाळ बाई बैठकीच्या कडेला येऊन टेकली. म्हणाली, "मिस्तरीदादा, त्या काळ्या खडकापाशी पाणी ठरत नाय. आज डबकं दिसतं, उद्या कोरडं. जातं कुठं?"

"तुझी मेंढरंच पीत असतील की!" हैबती म्हणाला. सगळे खो खो हसले. "जा बाई, त्यांनाच विचार. ही जाणत्यांची बैठक आहे."

ठकाई काठी उचलून निघून गेली. हैबतीच्या मनात तिचा प्रश्न टोचत राहिला, म्हणे. पण एवढ्या जणांदेखत, एका मेंढकीच्या सांगण्यावरून पाया हलवायचा कसा?

दोन वर्षं गाव राबलं. पावसाळ्यात बंधारा तुडुंब भरला, आणि पंधरा दिवसांत तळ दिसला. पाणी काळ्या खडकाखालून निघून गेलं होतं. त्या साली उभी पिकं वाळली. हैबतीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच त्याला सोसेना.

ठकाईला शोधत तो चार गावं चालला. माळावर ती दिसली तेव्हा त्याला मान वर करवेना.

"बये, तू विचारलंस तेव्हाच मला शंका आली होती," तो कसाबसा म्हणाला. "तरी मी हसलो."

ठकाईने आधी पांगलेली मेंढरं वळवली. मग म्हणाली, "हसलास त्याचं काय नाय रे दादा. पण त्यानंतर मी कुणाला काही विचारलंच नाय."

ती आली. तिने दाखवलं तिथे खणून भेग बुजवली, आणि पाणी ठरलं. हैबती पुन्हा कधी गोलात बसला नाही; बाहेर उन्हात दगड टाकून तो तिथेच बसू लागला. आपली जागा त्याने ठकाईला दिली; ती नसली की वाटसरूला.

आजही डागडुजीची बैठक नवख्याचा प्रश्न ऐकल्यावाचून सुरू होत नाही. कुणीच आलं नाही, तर रस्त्यावरून एखाद्याला बोलावून आणतात. त्याचा प्रश्न कधी कधी अगदीच वेडगळ असतो. तरी गोलात कुणी हसत नाही. ज्याला हसू आवरत नाही, तो मान खाली घालतो.