चार आमदारांची झील

"मग पाडू का सरकार? तेवढं एकदा सांगा, आबा."

सिद्रामआबा तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा अंबादास वनारसे. आता आमदार, पण वीस वर्षांपूर्वी आमच्या गोंधळात झील धरायचा. आबा नाईक, म्हणजे कथा लावणारे. मी संबळवाला. आणि अंबू मागे उभा राहून तुणतुणं वाजवायचा. नाईकाचं कडवं संपलं की त्याचा सूर झीलकऱ्याने धरून ठेवायचा, तेवढ्यात नाईकाने दम खायचा. एवढंच काम. पण ते धड करणारा माणूस दहा गावांत सापडत नाही.

अंबू धड करायचा. हे मी कुणापुढेही कबूल करीन. पुढे तो राजकारणात गेला, पांढरे कपडे घालून फिरायला लागला, आणि मला ते कधीच आवडलं नाही. तेही कबूल करतो.

"आबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

आबा पुन्हा मळायला लागले.

आता मामला काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. सरकार बसलं ते तीन आमदार कमी घेऊन. अंबूच्या पक्षाकडे चार होते. झाला करार. मंत्रिपद नको, बाहेरून पाठिंबा देतो, बदल्यात दोन गोष्टी लिहून द्या, असं अंबू म्हणाला. पहिली, गायरानावर घरं बांधून राहिलेल्यांना त्या घरांचे कागद करून द्यायचे. दुसरी, उरलेलं गायरान ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणालाही द्यायचं नाही. मुख्यमंत्र्यांनी सही केली. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, खोटं कशाला बोलू? आम्ही सगळे गोंधळी गायरानावरच राहतो. आबांचं पत्र्याचं घरही तिथलंच.

आणि आता सोमवारी विधेयक येणार होतं. घरांचे कागद त्यात होते. पण संमती नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'ग्रामसभेला कळवून'. म्हणजे उद्या कंपनी येणार, फलक लावणार आणि वर आपल्यालाच निरोप धाडणार.

यावरून सकाळी ग्रामपंचायतीपुढे सभा झाली. सभा कसली, जुंपलीच. घरवाले म्हणाले, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, सरकार पडलं तर हेही जाईल. मेंढरंवाले म्हणाले, आमची चराई विकून तुमची घरं होणार का? आबांची विधवा सून शेवंता माईक हिसकावून घरवाल्यांच्या बाजूने बोलली. फुलचंद देवकाते, ज्याची दीडशे मेंढरं आहेत, त्याने अंबूला सगळ्यांदेखत दलाल म्हटलं. चप्पलही आली एक. अंबूला लागली नाही, पण लागल्यासारखा तो तिथून निघाला आणि सरळ आबांच्या अंगणात आला.

गाडी बघून मागोमाग माणसं आली. वीस-पंचवीस असतील. शेवंता चुलीपाशी, देवकाते कुंपणापाशी. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते.

अंबू आधी ताठ्यात होता. चार माणसांवर सरकार उभं आहे, मुख्यमंत्री रोज सकाळी स्वतः फोन करतात, असं त्याने दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ऐकवताना आवाज जरा बसला होता.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. हात झटकले.

"कागदात काय लिहिलं होतं?"

"संमतीशिवाय देणार न्हाई."

"आता काय लिहिलंय?"

"कळवून देणार."

"एकदम उडी मारली?"

अंबूने घसा खाकरला. नाही म्हणाला. मध्ये एक मसुदा आला होता, त्यात 'सल्ल्याने' होतं. मुख्यमंत्र्यांची अडचण होती. त्यांच्याच पक्षातले लोक ओढाताण करत होते. अशा वेळी आपण ताणून धरलं असतं तर सरकार महिन्यातच कोसळलं असतं. मग आपणच पत्रकारांना सांगितलं, की सल्ला म्हणजे जवळपास संमतीच.

"आणि कळवून आलं तवा?"

अंबूने सदऱ्याची बाही सारखी केली.

"टीव्हीवर बोललास की. शेवंतानं मोबाइलवर दाखवलं मला."

"म्हटलं... लोकांना कळवलं म्हणजे विचारल्यासारखंच आहे."

कुंपणापाशी देवकाते थुंकला. मला त्याचं चुकलं असं वाटलं नाही.

मला वाटलं आता आबा याला झाडणार. लहानपणी झाडायचे, बोटांवर काठी मारायचे. पण आबा उठले, घरात गेले, आणि खुंटाळ्यावरचं तुणतुणं घेऊन आले. अंबूच्या मांडीवर ठेवलं. मला म्हणाले, संबळ राहू दे, नुसती मांडी वाजव.

अंबू कसनुसा हसला. सोमवारी मतदान आहे, आबा, म्हणाला.

"सोमवारला अवकाश हाय. धर झील."

वीस वर्षांनी माणूस विसरतो म्हणतात. हा विसरला नव्हता. तार छेडली, आबांच्या गळ्याकडे कान दिला, खुंटी पिळून सूर जुळवला. पांढऱ्या कपड्यांवर ते तुणतुणं विजोड दिसत होतं, पण हात जुनाच होता. माझा राग थोडा उतरला.

आबांनी देवीचं आवाहन लावलं. पहिलं कडवं चोख. अंबूने झील उचलली, माणसं सावरून बसली. पोरीबाळींना घेऊन बायाही पुढे सरकल्या. सकाळी एकमेकांच्या अंगावर धावलेले लोक आता एकाच ठेक्यावर डोलत होते.

दुसऱ्या कडव्याला आबा सुराच्या वर चढले.

थोडेसेच. कुणाला कळण्यासारखं नाही. मला कळलं, कारण चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय. म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय. मी अंबूकडे बघितलं, तो सावरील म्हणून. तर अंबूचा डावा हात हळूच वर गेला आणि त्याने खुंटी जराशी पिळली. तार आबांच्या सुराला नेऊन मिळवली. इतक्या सफाईने, की पुढे बसलेल्यांना पत्ता नाही.

त्याला बरंच वाटलं असावं. माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले.

तिसऱ्या कडव्याला आबा आणखी चढले. पुन्हा हात गेला. चौथ्याला पुन्हा... आता मला भीती वाटायला लागली, कारण पाचवं कडवं आवाहनातलं सगळ्यात वरचं. त्याला मुळातच गळा ताणावा लागतो. इथून ते घ्यायचं म्हणजे तरण्या माणसालाही जमणार नाही, आबा तर पंच्याहत्तरीचे. मी मांडीवर ठेका मोठा केला. दोघांनाही ऐकू गेलं नाही, की आबांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, देव जाणे.

आबांनी पाचवं कडवं उचललं आणि आवाज फाटला. नुसता फाटला नाही, गेलाच. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. अंबूने वेळ मारून न्यायला झील घेतली, तर त्याचाही गळा त्या उंचीवर चिरकला. एक पोरगी फिदकन हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला.

गाणं बंद पडलं.

शेवंता धावत पाणी घेऊन आली. आबा दोन घोट प्यायले, दम लागला होता तो जिरू दिला. मला वाईट वाटत होतं. तीन जिल्ह्यांत ज्याच्या आवाहनाला माणसं उभी राहायची, त्याची स्वतःच्या अंगणात ही गत व्हावी, आणि तीही या आमदारापायी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी मला हाताने थांबवलं.

"किती येळा पिळलीस?" त्यांनी अंबूला विचारलं.

अंबूने खुंटीकडे बघितलं.

"तीन येळा."

"का?"

"आबा, चारचौघं बसलेत. तुमचा सूर हललेला त्यांना दिसू नये म्हणून. तुम्हाला सांभाळून घेतलं मी."

"मी चढत चाललोय ते कळलं तुला?"

"पहिल्याच कडव्याला. म्हंजे दुसऱ्या."

"तुला कळलं." आबा थांबले. "मला कसं कळावं?"

अंबूने खुंटीवरचा हात काढला.

"मला आता ऐकू कमी येतं. स्वतःचा गळा तर कुणालाच धड ऐकू येत न्हाई. मी तुझ्या तारेच्या भरवशावर चालतो. तार माझ्या मागं आली, तर मला वाटतं, मी बरोबरच हाय."

देवकाते कुंपण सोडून दोन पावलं पुढे आला होता, हे मला तेव्हा दिसलं. शेवंता तांब्या हातात धरून तशीच उभी होती.

अंबूने तुणतुणं मांडीवरून खाली ठेवलं. बराच वेळ तो मातीत बोटाने काहीतरी गिरवत बसला. मघाचा ताठा कुठच्या कुठे गेला होता. मला त्याचा राग यायचा थांबला, तेही सांगून टाकतो. तो अंबूच दिसत होता, झील चुकली की रडवेला व्हायचा तो.

"म्हंजे काढून घेऊ पाठिंबा?" त्याने विचारलं.

"मधनंच उठून गेला असतास, तर गाणं दुसऱ्याच कडव्याला बंद पडलं असतं. तसं कर म्हणालो का मी?"

"मग ठेवू?"

"आत्ता गाण्यात ठेवलाच होतास की."

कुणीतरी मागे हसलं. अंबू हसला नाही. तो विचार करत होता, आणि विचार करताना त्याचा ओठ दाताखाली जातो, ती सवयही जुनीच.

मग तो हळूहळू बोलायला लागला, आबांशी कमी आणि स्वतःशी जास्त. सोमवारी सभागृहात उभं राहायचं. सहीचा कागद हातात घ्यायचा. त्यातलं 'संमती' सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं, आणि म्हणायचं, आम्ही इथे आहोत, इथून हललो नाही, तुम्ही या. मंत्री समजूत काढायला येतील. तेव्हा पुन्हा तेच वाचायचं. टीव्हीवाले विचारतील, मागच्या आठवड्यात तर तुम्ही कळवणं पुरे म्हणालात. त्यांना सांगायचं, की तेव्हा मी चुकलो होतो.

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघायला फार वेळ लागला. देवकातेने डोक्यावरचा पटका काढून पुन्हा नीट बांधला.

"अडून बसेन मी त्या शब्दावर," अंबू म्हणाला. "पण आबा, ते न्हाईच आले परत, तर?"

आबांनी हातानेच, पुढे बोल, अशी खूण केली.

"मग आम्हाला विरोधात मत टाकावं लागणार. सरकार जाईल. नवं कोण येईल सांगता येत न्हाई. आणि घरांचे कागद गेले म्हणून समजा. चार हजार घरं हायत. त्यात..." त्याने पत्र्याच्या घराकडे बघितलं आणि शेवंताकडे बघायचं टाळलं. "त्यात हेही हाय. तुमच्या हयातीत पुन्हा होईल असं मला वाटत न्हाई."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. दोनदा त्या घरावर बुलडोझर येऊन परत गेला होता. दुसऱ्या वेळी आबांचा मुलगा आडवा पडला, चौकीत चार दिवस राहिला, आणि तिथून आला तो आजारीच आला. शेवंताला कागद कशाला हवा होता, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सकाळी तिने माईक हिसकावला तेव्हा तिला कुणी अडवलं नव्हतं, ते त्यासाठीच.

आबांनी सुनेकडे बघितलं.

तिचे डोळे भरले होते. तिने तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं, आणि सासऱ्याकडे बघून एकदाच मान हलवली.

आबांनी वाकून तुणतुणं उचललं. खुंटी उलटी फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. तार छेडून बघितली. ती पहिल्या जागी आली होती, ते मलाही कळलं आणि देवकातेलाही कळलं असावं. मग त्यांनी ते तुणतुणं अंबूच्या हातात दिलं.

"घराचं आमचं आम्ही बघू," आबा म्हणाले. "तुझ्याकडं सूर दिला होता."