आप्पांच्या फुप्फुसावरची रेघ

“…मग चूक कोणाची, एवढं तरी सांगा सर!”

डॉ. इरावती गुळवणीने पडद्यावर बोट आपटलं. पडद्यावर आप्पा मगदूमांचं फुप्फुस होतं. कॅन्सरच्या गाठीभोवती तिने पहिल्या दिवशी ओढलेली लाल रेघ जागच्या जागी होती. आज सकाळच्या फोटोतली गाठ मात्र रेघेच्या भलतीच आत.

मुजावर सर चहात बिस्कीट बुडवत होते. किरणोपचार देता देता केस पांढरे झालेला माणूस. बोलणं थोडं, हसणं फार. इस्पितळात त्यांना पाठीमागे ‘फकीर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

इरावती नवी. सुवर्णपदक घेऊन आलेली, आणि ते तिच्या चालण्यातसुद्धा दिसायचं. किरण कुठल्या कोनातून आणि किती सोडायचे, याचा आप्पांसाठी केलेला प्लॅन तिने कॅन्टीनवाल्यालाही दाखवला होता. उपचाराआधी मशीन रोज फोटो काढी. सुरुवातीला गाठ रेघेत चपखल बसे. मग जरा सैल दिसू लागली, तिकडे तिने काणाडोळा केला. आज काणाडोळा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“टेबलावर नीट झोपवलं नसेल,” ती म्हणाली.

“झोपवलंय.”

“मग आप्पाच हलले असणार!”

बाकावर गाऊन घालून बसलेले आप्पा ताडकन उठले.

“बाई, मी हलत न्हाई. कबड्डीचा पंच हाय मी. हलत्यात ती पोरं.”

“मग मशीन…”

“सकाळीच तपासलं,” सर म्हणाले.

इरावतीने पडद्यावरचं बोट काढलं.

“म्हणजे माझा प्लॅन चुकला? कसा चुकेल, सर? बरोबर होता तो.”

“बरोबर होता. म्हणून चुकला.”

तेवढ्यात सरांचं बिस्कीट चहात पडलं. त्यांनी ते चमच्याने काढून निवांत खाल्लं.

“आज असाच देऊ या ना,” ती म्हणाली. “आता बदलला तर सगळे म्हणतील, पहिला चुकीचा होता.”

“रेघ आणि गाठ, यांच्या मध्ये काय आहे?”

“…फुप्फुस.”

“कसलं?”

“चांगलं.”

“कुणाचं?”

इरावतीने आप्पांकडे पाहिलं नाही.

आप्पा आले तेव्हा एक वाक्य पुरं बोलताना मध्ये थांबून धापा टाकत. मागणं एकच, आणि रोज तेच: “बाई, म्हाईच्या जत्रंतल्या सामन्यांना शिट्टी फुकाय यील न्हवं?” मधलं चांगलं फुप्फुस भाजलं तर ती शिट्टी कायमची गेली, हे इरावतीला पक्कं माहीत होतं. तरी ती अडून बसली होती. शिकलेल्या माणसाला अडून बसायला कारणं सापडतातच.

“पण सर, गाठ होती तिथे एखादा कण राहिला असला तर?”

“हा प्रश्न डॉक्टरचा. नव्या रेघेत तेवढी कड जास्त राख. मघाचं बोलणं पदकाचं होतं.”

मग सरांनी टेबलावरचा तिच्या प्लॅनचा कागद उचलला आणि आप्पांच्या तोंडापुढे धरला.

“आप्पा, फुंका.”

“सायेब, बाईंचा कागद हाय त्यो.”

“म्हणूनच.”

आप्पांनी छाती भरली. आता खोकल्याची उबळ येणार म्हणून इरावती पुढे झाली. खोकला आला नाही. फुंकर अशी आली की कागद सरांच्या हातून सुटला, भिंतीवर आपटला आणि कपाटाखाली जाऊन पडला.

सगळ्यांत जास्त चकित झाले ते आप्पाच. मग ते हसायला लागले, मग सर, मग दारातली सिस्टर. इरावतीलाही हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. गाठ आटत चालली होती; आपण केलेलं काम तिला आत्ता कुठे दिसलं होतं.

ती कागद काढायला वाकली, आणि वाकलेलीच थांबली.

कागद तिथेच ठेवून ती खुर्चीत येऊन बसली. पडद्यावर आप्पांचा सकाळचा फोटो होता. तिने लाल रेघ पुसली.

“आजचा दिवस सुट्टी, आप्पा. उद्यापासून नव्या प्लॅनने.”

“बरं झालं,” आप्पा म्हणाले. “सायेब, च्या मिळंल का?”

दुपारपर्यंत नवी रेघ ओढून झाली. जुनीपेक्षा बरीच लहान. सरांनी ती सावकाश पाहिली आणि मान डोलावली.

इरावती जागची उठली नाही.

“सर…”

“हं?”

“पुढच्या आठवड्यात हीसुद्धा चुकली तर?”

सर खदखदून हसले.

“तुझ्या तोंडात साखर पडो, पोरी!”