झाकून ठेवलेली किटली

एकदा एक कुंभार, रेशमी फडक्यात गुंडाळलेली किटली छातीशी धरून, आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. मागे, जरा अंतर राखून, त्याची तरुण मुलगी लान उभी होती. बापलेक एकाच वाटेने आले होते, पण वाटभर एकमेकांशी अक्षरही बोलले नव्हते.

हे चीनमधलं एक गाव. तिथल्या टेकडीची जांभळट माती भाजून चहाच्या लहानशा किटल्या करतात. आपली किटली चुलीवर चढते. आपण चहाला उकळीवर उकळी देतो, त्यात दूध-साखर ओततो, आलं ठेचून टाकतो आणि वर पुन्हा चहापत्तीला नावं ठेवतो. तिथली किटली विस्तवावर ठेवत नाहीत. आत पानं घालून वरून कढत पाणी ओततात. तिला काचेसारखा गुळगुळीत लेप नसतो, त्यामुळे मातीही थोडा चहा पिते. वर्षानुवर्षं एकाच जातीचा चहा केला की मातीला त्याचा वास लागतो, आणि पुसून पुसून तिच्या अंगावर तुकतुकी येते. म्हणून तिला साबण लावत नाहीत, राखेने घासत नाहीत.

ही किटली कुंभाराने शिष्य असताना याच अंगणात घडवली होती. गुरूंनी हातात घेऊन पहिल्यांदाच "बरी झाली आहे" म्हटलं, ती हीच. लग्नात त्याने ती बायकोला दिली. तेव्हापासून ती रोज सकाळी तिच्यात चहा करायची आणि तो कामाला बसल्या बसल्या प्यायचा. गेल्या पानगळीत, सकाळचा चहा ओतून झाल्यावर तिच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत ती गेली. तिने घातलेली पानं किटलीत तशीच होती. कुंभाराने झाकण लावलं, किटली रेशमात गुंडाळून पेटीत ठेवली, आणि कुणीही तिला हात लावायचा नाही असं बजावलं.

"गुरुजी, काल राहवलं नाही म्हणून उघडली," तो म्हणाला. "तिच्या चहाचा वास येईल असं वाटलं होतं. बुरशीचा भपकारा आला. तेवढी बुरशी घालवून द्या. पण पानं हलवू नका. तिच्या हातची तेवढीच उरली आहेत."

त्याने झाकण काढून किटली पुढे केली. गुरूंनी आत डोकावून पाहिलं. काही न विचारता ते अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाकडे गेले, किटली उलटी केली, चिकटलेली पानं बोटाने काढली आणि सगळं बुंध्याशी टाकून वर माती ओढली.

"गुरुजी! हे काय केलंत तुम्ही!"

कुंभार धावला. झाकण एका मुठीत तसंच धरून तो गुडघ्यांवर बसला आणि दुसऱ्या हाताने माती उकरू लागला. कुजलेली पानं कुठली आणि माती कुठली, ते त्याला कळेना. तो मोठ्याने रडू लागला. बायकोला पुरताना तो असा रडला नव्हता. लान तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

गुरूंनी त्याला उठवलं नाही. त्यांनी किटली कढत पाण्याने पुन्हा पुन्हा विसळली आणि चहाच्या डब्याशेजारी आणून ठेवली.

"ये. आता यात चहा कर."

"मी?"

"तूच. ती करायची तसा."

कुंभार हात धुऊन बसला आणि डब्याकडे बघत राहिला. पानं किती घ्यायची? पाणी खदखदतं हवं की जरा निवलेलं? आयुष्यभर त्याने किटल्या घडवून दूरदूरच्या बाजारांत पाठवल्या होत्या, आणि एकीतही स्वतः चहा केला नव्हता.

"मला येत नाही," तो शेवटी म्हणाला. हे सांगताना त्याला फार लाज वाटली. "मी नुसता पीत होतो."

"मला येतो," लान मागून म्हणाली.

किती महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती! "आई रात्री पानं काढून टाकायची, बाबा. मग विसळून, झाकण बाजूला ठेवून सुकू द्यायची. ती गेली त्या संध्याकाळी मी तेच करायला गेले, तर तुम्ही माझा हात झटकलात. म्हणालात, तुला आईचं काहीच वाटत नाही. माझी आईच होती ना ती?"

कुंभार सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.

लानने चिमटीने पानं घातली, पाणी ओतलं आणि झाकणासाठी हात पुढे केला. त्याने मूठ उघडली. पहिलं पाणी पीत नाहीत. ते तिने किटलीच्या अंगावरून ओतलं आणि मऊ फडक्याने पुसायला लागली. पोटावरून चोचीकडे, मग कडीच्या खाली, अंगठा जरासा वळवून. तो वळलेला अंगठा कुंभाराने ओळखला. रोज सकाळी समोर दिसत होता, पण त्याने तो कधी नीट पाहिला नव्हता.

"ती पानं एका सकाळची होती," गुरू हळूच म्हणाले. "ती जगली असती तर त्याच रात्री तिनेच ती टाकली असती. इतकी वर्षं तिने जे केलं, ते या मातीत मुरलं आहे आणि या पोरीच्या हातात उतरलं आहे. तू पानं जपलीस आणि हात झटकलास. तुझं दुःख खरं आहे रे. पण ते तू तुझ्या एकट्याचंच मानलंस."

चहा ओतला गेला. त्याला अजून बुरशीचा वास होता.

"आईसारखा नाही झाला," लान म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"होणारही नाही," गुरू म्हणाले. "रोज करत राहिलात तर वास जाईल. तिचा चहा मात्र गेला, बाळ."

तिघांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

निघताना कुंभाराने स्वतः पानं काढून त्याच झाडाच्या बुंध्याशी टाकली, किटली विसळली आणि मुलीकडे पाहिलं.

"असंच ना?"

"असंच. ओली आहे, झाकण नका लावू."

परतताना किटली त्याच्या हातात होती आणि झाकण तिच्या. या वेळी दोघं बरोबरीने चालत होते.