धुक्यात हाक न मारणारं गाव

हा काळा दगड बघा. माथ्यावरचा खळगा पावसानं पडलेला नाही. हात घाला आत, घाला, काही होत नाही. मनगटापर्यंत जातो ना? माणसांनी ठोकून ठोकून पाडलाय तो. तुम्ही कालपासून आमच्या नागिउरात आहात, पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. पाहुण्यांच्या कुठली येतेय! धुकं असलं की या किनाऱ्यावर कुणी कुणाला हाक मारत नाही. पोर पळालं तर धावत जाऊन धरायचं, नावानं ओरडायचं नाही. मी कुदो फुमिए, एकतीस वर्षं इथं टपाल वाटलं. धुक्यात मीसुद्धा नुसती दारावर टकटक करायची.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. मागे डोंगर, पुढे थंड समुद्र, मध्ये ही गोट्यांची चिंचोळी पट्टी. भात इथं धड पिकत नाही, कारण भर उन्हाळ्यात पूर्वेकडून गार वारा येतो आणि येताना धुकं घेऊन येतो. आम्ही जगतो कोंबूवर, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळावर. समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या, माणसापेक्षा लांब अशा त्या हिरव्या पट्ट्या. पुरुष होडीतून कापून आणतात, बायका गोट्यांवर त्याचं वाळवण घालतात. प्रत्येक घराचा वाळवणाचा तुकडा ठरलेला, तेव्हाही आणि आताही. समोर पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिच्यातून वाट एकच, या दगडाच्या बरोबर समोर.

तीनशे वर्षांपूर्वी, असं सांगतात, एका सकाळी अकरा होड्या कोंबूला गेल्या आणि दुपारी धुकं उतरलं. वल्ह्याचं टोक दिसेना, इतकं दाट. अशा वेळी बायका जिच्या तिच्या तुकड्यावर उभ्या राहून आपल्या माणसाला हाका मारायच्या. आईनं तेच शिकवलेलं, सासूनंही तेच. माणूस आपल्या बायकोचा आवाज ओळखतो आणि त्या रोखानं येतो, मग त्यात चूक ती काय? कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांच्यात तासे नावाची एक विधवा होती. तिचा नवरा जिनपाची आदल्याच उन्हाळ्यात अशा धुक्यात बुडाला होता. तेव्हापासून ती कुणाशी धड बोललेली नव्हती म्हणे. त्या दुपारी ती या दगडापाशी आली, हातातला गोटा त्यावर आपटला आणि म्हणाली, "गप्प बसा. सगळ्याजणी."

बायका खवळल्या. मोतो नावाच्या बाईचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच होडीत होते. ती अंगावरच धावून आली. "तुझं कोण आहे गं पाण्यात? आम्ही आमच्या माणसांना बोलवायचं नाही होय?"

"जिनपाची परत येत होता," तासे म्हणाली. "मी माझ्या तुकड्यावरून हाका मारत होते. तो माझ्या आवाजाकडे आला. होडी कुठं फुटली, आठव. माझ्या तुकड्यासमोरच, खडकावर. मीच त्याला तिकडं बोलावलं, मोतो."

वर्षभर ती हे एकटीच गिळून बसली होती. 

मोतोनं डोक्याचं फडकं सोडलं आणि स्वतःच्या तोंडात कोंबलं. मग दुसरीनं, मग तिसरीनं. किनारा चिडीचूप झाला. तासे एका संथ तालात दगड ठोकू लागली, टक, टक, टक. पाण्यावरून पुरुषांच्या हाका येत होत्या, "अगं, कुठं आहात?" आणि उत्तर द्यायचं नव्हतं. आपला धनी विचारतोय, आणि आपण तोंडात बोळा घालून उभं राहायचं! सोपं आहे का हो?

पहिली होडी त्या एकाच आवाजाच्या रोखानं वाटेतून सरळ आत आली. मग एकेक करत दहा झाल्या. उरली ती मोतोची. तासेचे तळवे फुटून रक्त येत होतं. मोतोनं गोटा मागितला, पण तासेनं दिला नाही. "तुझा हात घाई करेल. ताल चुकेल," एवढंच ती म्हणाली. ज्यांची माणसं आली होती त्यांनीही ब्र काढला नाही. नवऱ्याला नुसतं घट्ट धरून उभ्या राहिल्या.

अकरावी होडी गोट्यांना लागली. मोतोनं तोंडातलं फडकं काढलं. पण तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, मुलांचंही नाही. ती समुद्राकडे तोंड करून ओरडली, "जिनपाचीऽऽ!" मग अख्ख्या किनाऱ्यानं तीच हाक मारली. तासे गोटा टाकून खाली बसली आणि वर्षानंतर पहिल्यांदा रडली, असं सांगतात.

आता होड्यांवर यंत्रांचे पडदे आलेत, वाट त्यावर दिसते. पोरं मला चिडवतात, "आजी, यंत्र तुमच्यापेक्षा हुशार आहे." असेल बापडं. पण आजही धुकं उतरलं की किनारा गप्प होतो आणि हा दगड वाजू लागतो. ज्या घरचं कुणी पाण्यात नाही, त्याच घरानं गोटा उचलायचा. आमच्याकडे होडी नाही, म्हणून गेली बावीस वर्षं तो माझ्या हातात आहे. या बावीस वर्षांत एकही होडी खडकावर गेलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

शेवटची होडी लागली की मी गोटा खाली ठेवते आणि जो तो आपल्या माणसाला हाक मारतो. पण त्याआधी सगळे मिळून समुद्राकडे तोंड करतो आणि जिनपाचीला बोलावतो. तो घरी यायचा राहिलाय ना अजून.